एका लॉंड्रीचा राहिलेला सेटअप

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे ‘पाहुणे’ म्हणत. कंपनीत ते सर्वांत जुने, पण त्यांना स्वतःची खुर्ची नव्हती. आठवड्यातून एखादवेळी येत, जो रजेवर असेल त्याच्या खुर्चीत टेकत, चहा घेत आणि बॅग उचलून पुन्हा बाहेर पडत. “पाहुणे आले, पाणी द्या,” असे कुणीतरी म्हणायचे. त्यावर ते म्हणायचे, “पाणी राहू दे, मुक्कामाचं बोला.” वर्षानुवर्षे हाच विनोद चालू होता. अलीकडे मात्र हे उत्तर देताना ते हसत नसत.

मूळचे ते टाइपरायटर दुरुस्त करणारे. टाइपरायटर गेले तेव्हा हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच ठेवून ते संगणकाकडे वळले. मशीन कुठलेही असो, उघडण्याआधी ते त्यावर तळहात ठेवून थोडा वेळ थांबत. मी एकदा कारण विचारले तर म्हणाले, “गरम आहे का बघतो. आणि तेवढाच जरा उभा राहतो.”

आमची कंपनी लहान. लॉंड्र्या, शिंपी, घड्याळ दुरुस्तीवाले, बॅगा शिवणारे अशा दुकानांसाठी आम्ही एक प्रोग्रॅम विकतो. वस्तू घ्या, पावती द्या, वस्तूला चिठ्ठी लावा, वेळेवर परत करा, एवढेच त्याचे काम. हिशेब आणि कागदपत्रे माझ्याकडे. मी वाणिज्य शाखेचा माणूस. संगणकातले मला जे कळते ते पाहुण्यांनी समजावले तेवढेच. ते म्हणत, “आपला प्रोग्रॅम म्हणजे दुकानाचा काउंटर. गिऱ्हाईक काउंटर बघतं. पण माल असतो मागच्या गोदामात. ते गोदाम म्हणजे डेटाबेस. आणि ते काही आपण बांधलेलं नाही.”

गोदाम मोफत होते. जगात कुठे कुठे बसलेल्या लोकांनी मिळून ते लिहिलेले. कुणीही घ्यावे, आत डोकावून पाहावे, हवे तर आपल्या विकायच्या मालाबरोबर गिऱ्हाइकाला द्यावे. अट एकच, की त्यांच्या नावाचा आणि परवान्याचा मजकूर सोबत गेला पाहिजे. तो प्रत्येक सेटअपमध्ये आहे की नाही हे पाहणे माझे काम होते आणि ते मी चोख केले. एकाही गिऱ्हाइकाने तो उघडून वाचल्याचे ऐकिवात नाही. सुरुवातीला मला ही गोष्ट पचनी पडत नसे. ज्याला खरेदी किंमत नाही ते ताळेबंदात दाखवायचे कुठे? खुर्च्या दाखवतो, पंखे दाखवतो, आणि ज्यावर सारा डोलारा उभा आहे त्याचा उल्लेखही नाही. हे मी पाहुण्यांना बोलून दाखवले तर म्हणाले, “राहू द्या हो. मला तरी कुठे दाखवता?”

फुकटच्या मालाला हमाली लागतेच. ती पाहुण्यांच्या वाट्याला आली. काउंटर आणि गोदाम एकत्र बांधून जो सेटअप तयार होई तो दुकानोदुकानी जाऊन ते बसवत. दुकानातला संगणक नेहमी सर्वांत वाईट जागी ठेवलेला असतो. इस्त्रीच्या वाफेत, कापडाच्या गठ्ठ्यांमागे, कधी चक्क मोरीच्या दाराशी. पाहुणे गुडघ्यांवर बसून तारा ओढत. गोदामाला कुलूप म्हणून एक पासवर्ड असतो. इतक्या दुकानांचे इतके पासवर्ड कोण लक्षात ठेवणार? त्यांनी सगळीकडे एकच ठेवला आणि चिकटपट्टीवर लिहून कीबोर्डच्या पाठीला लावून टाकला. कुणाचा फोन आला की “कीबोर्ड उलटा करा” एवढे सांगून सुटका. दमलेल्या माणसाची युक्ती होती ती. तीच पुढे त्यांना नडली.

मागल्या वर्षी त्यांच्या पत्नीला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, डावा थरथरतो. दिवसा त्यांची मेव्हणी येऊन बसायची, पण तिलाही तिचा संसार होता. संध्याकाळ व्हायला लागली की तिची नजर दाराकडे. आणि बाहेरच्या कामाला सुटायची वेळ नसते. “कुठल्या दुकानदाराला सांगू,” पाहुणे मला म्हणाले, “की बायकोच्या औषधाची वेळ झाली, तुमचं गोदाम अर्धवट उघडं टाकून जातो म्हणून?”

त्याच सुमारास ज्यांनी ते गोदाम जगाला दिले होते त्यांनी कळवले, की जुन्या आवृत्तीची डागडुजी आता बंद. नवी घ्या. म्हणजे आम्हाला सगळ्या दुकानांत नवा सेटअप बसवणे भाग होते. पण यात एक सोय होती. नवा सेटअप एकदा बसला की पुढच्या सुधारणा इंटरनेटवरून आपोआप जाणार होत्या. माणूस पाठवायची गरज नाही.

आमचे मालक, ज्यांना सगळे ‘सर’ म्हणतात, त्यांनी पाहुण्यांना माझ्यासमोर बोलावले. “हा शेवटचा फेरा. सगळीकडे नवं बसलं की बाहेरचं काम बंद. फोनवरून मदत करायची जागा तुमची. खिडकीजवळची खुर्ची.”

“सगळीकडे म्हणजे एकूण एक?” पाहुण्यांनी विचारले.

“एकूण एक. एक जरी राहिलं तरी माणूस ठेवावा लागतो. आणि दोन माणसं मला परवडत नाहीत, हे काय, हेच सांगतील,” म्हणून सरांनी माझ्याकडे बोट केले. ते खरेच होते.

पाहुण्यांचे घर ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर. ऑफिस सुटायची वेळ ठरलेली. त्या खुर्चीत बसले की औषधाच्या वेळेला घरी, एवढा साधा हिशेब होता. दुसऱ्याच दिवशी ते कंबरेला लावायची एक उशी घेऊन आले आणि माझ्या कपाटात ठेवायला दिली. “उगाच आधीच ठेवली तर लोक हसतील,” म्हणाले. त्यानंतर कित्येक महिने ते दुकाने फिरले. प्रत्येक दुकानात पहिले वाक्य तेच ऐकले, “चालतंय ना? मग कशाला हात लावता?” प्रत्येक ठिकाणी तीच समजूत घातली, तसेच गुडघ्यांवर बसले, दुकानाच्या पायरीवर डबा खाल्ला. यादी आटत गेली आणि शेवटी एकच नाव उरले. एक लॉंड्री. दोघी जावा मिळून चालवतात. त्यांनी पाहुण्यांना दोनदा दारातून परत पाठवले होते.

“तुम्ही सोबत जा,” सर मला म्हणाले. “वयाला मान देऊन तरी ऐकतील.”

“पाहुण्यांचं वय काय कमी आहे?”

“ते दमलेले दिसतात. तुम्ही सरकारी दिसता.”

गेलो. बसमध्ये पाहुणे खिडकीला डोके टेकून बसले होते. त्यांच्या शर्टाच्या खिशावर तपकिरी डाग होता. त्यांनी तो बॅगेच्या पट्ट्याखाली झाकला होता, पण पट्टा सारखा सरकत होता.

लॉंड्री अरुंद आणि खोल होती. पुढे काउंटर, त्यामागे प्लॅस्टिकात टांगलेल्या कपड्यांच्या रांगा, अगदी आत वाफ. एका कोपऱ्यात स्टुलावर एक वृद्ध गृहस्थ रुमालाची घडी घालत होते. घडी झाली की मोडत आणि पुन्हा घालत. ते या दोघींचे सासरे. लॉंड्री त्यांनीच काढलेली.

“आले बघा ताई,” काउंटरवरच्या धाकट्या जाऊबाई आत तोंड करून ओरडल्या. “या वेळी साक्षीदार घेऊन आलेत.”

“बसायला दे त्यांना,” आतून थोरल्यांचा आवाज आला. “आणि नाही म्हणून सांग.”

“बसा,” धाकट्या म्हणाल्या. “नाही.”

मी बसलो आणि माझे ठरवून आणलेले बोलणे सुरू केले. जुन्या गोदामाची डागडुजी थांबली आहे, कुलूप कच्चे झाले आहे, उद्या काही झाले तर कुणी जबाबदारी घेणार नाही.

“काका, भिंत पडली का?” धाकट्यांनी विचारले.

“नाही.”

“गळतंय का कुठे?”

“तसं नाही, पण...”

“मग भाडेकरूला कशाला उठवता?”

“कोण भाडेकरू?” पाहुण्यांनी एकदम विचारले.

थोरल्या हात पुसत बाहेर आल्या. “सांग आता. उघडलंस ना तोंड? तुला कितीदा सांगितलं, नाही म्हटल्यावर पुढे बोलत जाऊ नकोस.”

“मी कुठे बोलले? काकांनी बोलतं केलं.” मग त्यांनी पाहुण्यांकडे निरखून पाहिले. “तो पट्टा सरकवा बघू. खिशाला काय झालं?”

“बायकोचं औषध सांडलं. लोहाचं. तिचा हात थरथरतो.”

“कधी?”

“झाले बरेच दिवस. घरी धुतला, जात नाही.”

“घरी धुतला म्हणजे वाट लावली.” धाकट्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. स्क्रीनवर आमच्या प्रोग्रॅमच्या शेजारी एक लहान चौकट उघडली. ती मी कधी पाहिलेली नव्हती, आणि पाहुण्यांच्या चेहऱ्यावरून त्यांनीही नाही. धाकट्यांनी दोन-तीन शब्द लिहिले. चिठ्ठ्यांचा प्रिंटर खरखरला. त्यांनी चिठ्ठी फाडून पाहुण्यांच्या हातात दिली. त्यांच्या खांद्यावरून मीही वाचली.

‘लोहाचे औषध, सुती कापड. ब्लीच लावू नये, पक्का बसतो. लिंबू-मीठ चोळून उन्हात. जुना असल्यास पूर्ण जाणार नाही, फिका होईल. गिऱ्हाइकास आधी सांगणे.’

“हे आपल्या प्रोग्रॅममध्ये नाही,” पाहुणे हळूच म्हणाले.

“तुमच्या नाहीच. आमच्या यांनी केलंय.” धाकट्यांचे यजमान जहाजावर नोकरीला होते. “मागे सुट्टीवर आले होते. स्वस्थ बसवत नाही, कीबोर्ड पुसायला घेतला. उलटा केला तर तुमची चिकटपट्टी. म्हणाले, अगं, सगळं गोदाम उघडं आहे की! एक कोपरा आपण घेऊ. मग बाबांना शेजारी बसवलं. बाबा सांगायचे, हे लिहायचे. कुठला डाग कशाने जातो, कुठल्या कापडाला काय लावायचं नाही, कुठला डाग बघून गिऱ्हाइकाला सरळ परत पाठवायचं. सुट्टी संपेपर्यंत तेच चाललं होतं दोघांचं.”

“तेव्हा बाबा बोलायचे,” थोरल्या म्हणाल्या. “आता काही विचाराल तर तुम्हालाच विचारतील.”

सासऱ्यांनी रुमालावरून मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले. “पावती आणलीत का?”

“नाही आणली,” मी म्हणालो.

“मग कपडे मिळणार नाहीत,” असे म्हणून त्यांनी पुन्हा घडीला हात घातला.

पाहुणे स्टुलाशेजारच्या खोक्यावर बसले. सेटअप नवे गोदाम बांधतो, जुन्यातला आमच्या ओळखीचा माल तिकडे नेतो आणि जुने पाडून टाकतो. अनोळखी मालाचे त्याला काही देणेघेणे नसते. “मागल्या खेपेला यांनी मला आत घेतलं असतं ना, तर मी बटण दाबून मोकळा झालो असतो,” पाहुणे मला म्हणाले. “आणि यांचा कोपरा गेला असता.”

“आता हाताने हलवता येणार नाही?” मी विचारले.

“येईल. आजची संध्याकाळ जाईल.”

“मग झालं तर!”

“झालं कुठे? पुढे सुधारणा आपोआप येणार. दर वेळी ती येणार, अनोळखी माल बघणार आणि फेकून देणार. म्हणजे हे दुकान त्यातून बाहेर ठेवायचं. आणि दर वेळी कुणीतरी इथे यायचं.”

कुणी यायचे, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

मला एक मार्ग सुचला आणि तो मला तेव्हा फार शहाणपणाचा वाटला. “हा डागांचा तक्ता आम्ही आमच्याच सेटअपमध्ये घेऊ. मग तो ओळखीचा होईल. आपोआप सांभाळला जाईल. तुम्हाला त्रास नाही, यांना त्रास नाही.”

“तुमच्या सेटअपमध्ये म्हणजे सगळ्यांकडे जाणार?” थोरल्यांनी विचारले.

“सगळ्या लॉंड्र्यांकडे. हो.”

“समोरच्याकडेही?”

रस्त्यापलीकडची लॉंड्री आमचीच गिऱ्हाईक होती. “त्याच्याकडेही.”

“वा! म्हणजे बाबांनी आयुष्यभर हात भाजून घेतले,” धाकट्या म्हणाल्या, “आणि त्या मेल्याला सगळं आयतं.”

मी त्यांना समजावले, की खालचे सगळे गोदामसुद्धा कुणीतरी असेच जगाला देऊन टाकले आहे. त्यांनी दिले नसते तर आमची कंपनीही नसती.

“आणि तुम्ही तुमचा प्रोग्रॅम फुकट देता?”

“नाही.”

“का बरं?”

“पोट आहे आमचं.”

“आणि आमचं काय, घडी घालून ठेवलंय?”

थोरल्यांनी त्यांना हाताने थांबवले. “ज्यांनी दिलं ते मोठ्या मनाचे. पण त्यांनी आपलं दिलं, आपल्या हाताने दिलं. हे बाबांचं आहे. बाबांनी सांगितलं असतं, दे, तर मी त्या समोरच्यालासुद्धा दिलं असतं. आता त्यांना विचारायची सोय राहिली नाही. आणि त्यांना विचारल्याशिवाय मी त्यांची वस्तू कुणाला देणार नाही.”

परवान्याचा मजकूर इतकी वर्षे मी तपासत आलो होतो, पण देणाऱ्याची मर्जी म्हणून त्याच्याकडे कधी पाहिले नव्हते.

मग सगळे पाहुण्यांकडे पाहू लागले. ते अजून ती चिठ्ठी वाचत होते. मनात काय चालले असेल ते मला कळत होते. खुर्ची, उशी, दाराकडे पाहणारी मेव्हणी. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि फोन लावला. “आज जरा उशीर होईल,” ते म्हणाले. “हो, माहीत आहे. आजचा दिवस बसा. डाव्या हातात कप देऊ नका तिच्या, चमच्याने पाजा.” फोन ठेवून त्यांनी संगणकाच्या पेटीवर तळहात ठेवला, जरा थांबले, आणि खाली बसले.

“शर्ट काढा,” धाकट्या म्हणाल्या.

“आत्ता?”

“मग काय मुहूर्त बघू? आमच्या यांचा एक आहे, तो घाला.”

जहाजावरच्या माणसाचा शर्ट पाहुण्यांना खूप मोठा होत होता. बाह्या दुमडून ते संध्याकाळभर त्या कोपऱ्याचा माल जुन्यातून नव्यात हलवत राहिले. मी काही उपयोगाचा नव्हतो. सासऱ्यांच्या शेजारी बसून मीही दोन-चार रुमालांच्या घड्या घातल्या. त्यांनी त्या सगळ्या मोडल्या.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी सरांना सगळे सांगितले. त्यात चिकटपट्टीचेही सांगितले, जे मी वगळले असते. नव्या सेटअपमध्येही सगळीकडे तोच पासवर्ड आणि तशाच पट्ट्या होत्या. सरांनी दुकानांची यादी पुढे ओढून पहिल्यापासून पाहिली. ते वाईट माणूस नाहीत. मग म्हणाले, “त्या एका दुकानाचं मी एक वेळ बघितलं असतं. पण ही कुलपं बदलावी लागतील. सगळीकडे. आणि नव्या गोदामातही कुणी कोपरा घेतलाय का, तेही बघून यावं लागेल.”

“हो,” पाहुणे म्हणाले.

“म्हणजे पुन्हा पूर्ण फेरा.”

“हो.”

“आणि फोनची जागा मला इतके दिवस रिकामी ठेवता येणार नाही.”

“माहीत आहे.”

बाहेर आल्यावर मी चिडून विचारले, “पट्टीचं कशाला बोललात? कोण विचारत होतं?”

“तो जहाजवाला सरळ माणूस, म्हणून कोपरा घेऊन थांबला,” ते म्हणाले. “दुसरा कुणी असता तर गोदामच नेलं असतं.”

खिडकीजवळच्या खुर्चीवर आता एक बाई बसतात. आवाज गोड आहे, कामाला चोख आहेत. पाहुण्यांच्या मेव्हणीने थोडे दिवस संध्याकाळपर्यंत थांबायचे कबूल केले आहे. थोडे म्हणजे किती, हे दोघेही एकमेकांना विचारत नाहीत.

परवा ते ऑफिसात आले. रजेवर कुणीच नव्हते, म्हणून माझ्या टेबलासमोर उभे राहिले. अंगात तोच शर्ट होता. खिशावर डागाच्या जागी फिकट, चहाच्या पाण्यासारखी एक कड उरली होती.

“पूर्ण नाही गेला,” मी म्हणालो.

“त्यांनी आधी सांगितलं होतं.”

“पैसे घेतले?”

“अर्धे. थोरल्या नको म्हणत होत्या. पण तुमचं ताळेबंदाचं मी सांगितलं होतं, तर धाकट्या म्हणाल्या, फुकट दिलं तर तुमचे काका ताळेबंदात दाखवणार नाहीत.”

पुष्कळ दिवसांनी प्रथमच ते थोडे हसले. मग त्यांनी बॅग खांद्याला लावली. त्या दिवशी तीन शिंपी आणि एक घड्याळवाला होता.

“ती उशी द्या माझी,” ते म्हणाले. “बसमध्ये पाठीला लावतो.”

मी कपाट उघडून दिली. उशी काखेत घेऊन ते निघाले. फोनवरच्या बाईंनी रिसीव्हरवर हात ठेवून विचारले, “निघालात पाहुणे? चहा तरी घ्या.”

“येताना घेतो,” असे म्हणून ते जिना उतरू लागले. कठड्याला धरून, एकेक पायरी.